वैऱ्याच्या घरचं इंधन

डिसेंबर २०१३मध्ये ‘अटलांटिक नॅव्हिगेटर’ हे मालवाहू जहाज सेंट पीटर्सबर्गहून अमेरिकेच्या बाल्टिमोर बंदरात आलं. त्याच्यावर समृद्ध युरेनियम भरलेली पोलादी नळकांडी होती. हे युरेनियम मुळात सोव्हिएत अण्वस्त्रांच्या गाभ्यातलं. ज्या अण्वस्त्रांच्या धाकाने अमेरिकन शाळांत पोरांना बाकाखाली लपण्याची कवायत करावी लागे, त्यांचाच माल आता अमेरिकन वीजकंपन्यांनी रोख पैसे मोजून विकत घेतला होता. वीस वर्षं चाललेल्या व्यवहारातली ही शेवटची खेप. सुमारे वीस हजार अण्वस्त्रं होतील एवढं ५०० टन युरेनियम पातळ करून त्याचं इंधन झालं, आणि त्या काळात अमेरिकेत तयार होणाऱ्या विजेतला साधारण दहावा हिस्सा त्याच्यावर निघाला.

क्यूबाचा पेच आपल्याकडे शाळकरी पोरालाही ऐकून ठाऊक असतो. केनेडी, ख्रुश्चेव्ह, तेरा दिवस, जग विनाशाच्या काठावर वगैरे. हा वीस वर्षांचा व्यवहार मात्र चांगल्या वाचत्या माणसालाही माहीत नसतो. संकटाची गोष्ट रंगवून सांगता येते; हिशेब चोख ठेवल्याची कोण सांगणार? प्रतिस्पर्धी सत्तांनी नागरी अणुऊर्जेत एकमेकांशी केलेल्या सहकार्याचा इतिहास बराचसा असा आहे. त्यात पावत्या आहेत, वजनकाटे आहेत, सील आहेत, एकमेकांच्या कारखान्यांत बारा महिने बसून राहिलेले तपासनीस आहेत. म्हणूनच मराठीत त्याबद्दल फारसं लिहिलं गेलेलं नाही. पुढची पानं ती उणीव काही अंशी भरून काढतील, आणि या प्रस्तावनेने वाचकाला त्या विषयाच्या दारापर्यंत आणून सोडावं, एवढीच अपेक्षा आहे.

या विषयावर बोलताना आपल्याकडे दोन टोकाच्या भूमिका चटकन घेतल्या जातात. एक भाबडी: विज्ञानाला सीमा नसतात, शास्त्रज्ञ भेटले की मनं जुळतात. दुसरी बेरकी: हे सगळे करार म्हणजे धूळफेक, आतून प्रत्येकजण बॉम्बच बनवत असतो. दोन्हींत तथ्य आहे, पण टिकलेल्या आणि मोडलेल्या व्यवहारांकडे जवळून पाहिलं तर दोन्ही अपुऱ्या पडतात. गावात बांधावरून कोर्टात गेलेले भाऊबंद असतात. एकमेकांच्या ओटीवर पाय ठेवत नाहीत, पण सामायिक विहिरीच्या पाण्याची पाळी चुकवत नाहीत. पाळी चुकली तर दोघांचीही पिकं जळतील, हे दोघांना कळतं; शिवाय समोरचा घटकाभर जास्त मोटर चालवतो की काय, हे पाहायला प्रत्येकाचा माणूस विहिरीवर बसलेला असतो. अणुऊर्जेतलं जे सहकार्य टिकलं, ते या जातीचं. त्यात संशय गृहीत धरलेला होता, आणि त्या संशयासाठी रीतसर जागा करून ठेवलेली होती.

बाल्टिमोरच्या त्या जहाजामागची कल्पना एका माणसाच्या डोक्यातली. थॉमस नेफ हे एमआयटीतले भौतिकशास्त्रज्ञ, युरेनियमच्या बाजारपेठेचे जाणकार. १९९१च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे सोव्हिएत संघ मोडायला दोन महिने उरले असताना, त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक लेख लिहिला. सोव्हिएत अण्वस्त्रं मोडीत निघतील तेव्हा त्यांतल्या युरेनियमचं काय करायचं, असा प्रश्न होता. नेफ यांचं उत्तर सरळ व्यापाऱ्याचं होतं: आपण विकत घेऊ, पातळ करून अणुभट्ट्यांत जाळू. मॉस्कोत तेव्हा अण्वस्त्र कारखान्यांतल्या शास्त्रज्ञांचे पगार थकू लागले होते. अडला हरी अशी रशियाची गत, आणि ते युरेनियम भलत्याच हाती पडेल ही अमेरिकेची धास्ती. फेब्रुवारी १९९३मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला. ‘मेगाटन ते मेगावॉट’ हे त्याचं प्रचलित नाव.

हे काम प्रत्यक्षात कसं चाले, ते पाहण्यासारखं आहे. अण्वस्त्रातलं युरेनियम सुमारे ९० टक्के समृद्ध असतं, म्हणजे त्यातला सहज विखंडन पावणारा भाग तेवढा असतो. अणुभट्टीला चार-पाच टक्के पुरतं. रशियातल्या सेव्हेर्स्क, ओझ्योर्स्क, झेलेनोगोर्स्क, नोवोउराल्स्क या शहरांत हे काम वाटून दिलं होतं. सोव्हिएत काळात ही शहरं नकाशावर नसत आणि आजही तिथे कुणालाही सहज जाता येत नाही. तिथे अण्वस्त्रांतला धातू कातून त्याचा चुरा करत, भट्टीत भाजून त्याचं ऑक्साइड करत, ते शुद्ध करून त्याचा फ्लोरीनयुक्त वायू बनवत. मग एका नळीतून हा जहाल वायू येई, दुसरीतून अगदी सौम्य, दीड टक्का समृद्ध वायू. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या जोडावर दोन्ही मिसळत आणि तिसऱ्या नळीतून इंधनाच्या दर्जाचा वायू बाहेर पडे. या जोडाच्या तिन्ही नळ्यांवर अमेरिकनांनी आपली मोजयंत्रं बसवली होती. कुठल्या नळीतून किती वायू गेला आणि तो किती समृद्ध होता, याची नोंद सतत होत राही. अमेरिकन तपासनीस या शहरांत जाऊन धातूच्या चुऱ्यापासून पातळ वायूपर्यंतचा माग घेत. आणि उलट बाजूने, आपलं इंधन खरोखर वीजनिर्मितीलाच जातं ना, हे पाहायला रशियन तपासनीस अमेरिकेतल्या कारखान्यांत जात. दोन देशांनी एकमेकांच्या सर्वांत नाजूक जागी आपापली माणसं आणि मीटर आणून बसवले, अशी उदाहरणं विरळाच.

भांडणं झालीच. किमतीवरून झाली, मूळ नैसर्गिक युरेनियमचे पैसे कुणी कुणाला द्यायचे यावरून झाली. स्वस्त रशियन माल आला तर आम्ही खाणी बंद करायच्या का, असं म्हणत अमेरिकन खाणवाले कज्जे घेऊन उभे राहिले. अमेरिकेच्या बाजूने खरेदी करणारी सरकारी कंपनी मध्येच खाजगी झाली आणि राष्ट्रीय सुरक्षेचा करार नफातोट्याच्या वहीत जाऊन पडला. १९९९मध्ये नाटोने सर्बियावर बॉम्ब टाकले, २००८मध्ये रशियन रणगाडे जॉर्जियात शिरले, वॉशिंग्टन आणि मॉस्कोतले संबंध पार कडू झाले. तरी करार मोडला नाही. रशियाला त्यातून सुमारे १७ अब्ज डॉलर मिळाले, अमेरिकेला स्वस्त आणि खात्रीचं इंधन मिळालं. अण्वस्त्रकपातीच्या एवढ्या गाजलेल्या वाटाघाटी झाल्या, पण अण्वस्त्रातला माल कायमचा जाळून संपवण्यात या विक्रीची बरोबरी त्यांतल्या एकीलाही करता येत नाही, असं माझं मत आहे.

या यशाचं बिल मात्र पुढे आलंच. वीस वर्षं आयतं इंधन मिळत राहिल्यावर स्वतःची समृद्धीकरणाची यंत्रणा नवी करण्याची घाई अमेरिकेला राहिली नाही. केंटकीतला पडुकाहचा जुनाट, विजेचा राक्षसी खप असणारा कारखाना २०१३मध्येच बंद झाला. २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेल-वायूवर निर्बंध आले, बँका तोडल्या गेल्या. पण अमेरिकन अणुभट्ट्यांना लागणाऱ्या समृद्ध युरेनियमचा जवळपास चौथा हिस्सा तेव्हाही रशियातूनच येत होता. त्यावर बंदी घालणारा कायदा व्हायला २०२४चा मे उजाडला, आणि त्यातही अडचण असेल तर २०२८च्या सुरुवातीपर्यंत सवलत मिळण्याची सोय ठेवावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रशियाने आपल्या बाजूने निर्यातीवर निर्बंध जाहीर केले. वैऱ्याशी व्यवहार करताना त्याच्याकडून काय घेतो याइतकंच, ते घेता घेता स्वतः काय करायचं सोडून देतो, हेही पाहावं लागतं.

आता थोडं मागे जाऊ. आयझेनहॉवर यांनी ८ डिसेंबर १९५३ रोजी संयुक्त राष्ट्रांत ‘शांततेसाठी अणू’ हे भाषण केलं, इथून हा इतिहास सुरू करण्याची रीत आहे. त्यातून १९५५च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला मोठी परिषद भरली. अध्यक्षस्थानी आपले होमी भाभा. अमेरिकनांनी पाण्याच्या हौदात बुडवलेली एक छोटी अणुभट्टी विमानाने आणून तिथे चालू करून दाखवली. तिची निळी आभा पाहायला लोक रांगा लावत. सोव्हिएत मंडळींनी ओबनिन्स्कच्या पाच मेगावॉटच्या वीजकेंद्राची माहिती मांडली. भाभांनी अध्यक्षीय भाषणात येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची, म्हणजे सूर्यात निघते तशी, ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल असं भाकीत केलं, आणि सभागृहातल्या दोन्ही गोटांतल्या लोकांची पंचाईत झाली, कारण दोघेही घरी त्यावर गुपचूप काम करत होते. दोन वर्षांनी व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था उभी राहिली. हे सगळं महत्त्वाचं आहे, आणि पुस्तकांतून पुष्कळदा येऊन गेलेलं आहे. मला त्यापेक्षा त्याच्या शेजारची एक गोष्ट जास्त बोलकी वाटते.

एप्रिल १९५६मध्ये ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन यांच्याबरोबर एक दाढीवाले गृहस्थ इंग्लंडला आले. इगोर कुर्चातोव्ह, सोव्हिएत अणुबॉम्बचे जनक. हार्वेलच्या ब्रिटिश अणुसंशोधन केंद्रात त्यांनी व्याख्यान दिलं आणि सोव्हिएत संघात अणुसंमीलनावर काय काम चाललंय ते चक्क उघड करून सांगितलं. ब्रिटन-अमेरिकेत हेच काम तेव्हा कडीकुलपात होतं. कुर्चातोव्हनी एक सावधगिरीची सूचनाही दिली: तप्त वायूतून न्यूट्रॉन निघताना दिसले म्हणजे संमीलन झालं असं समजू नका, आम्ही त्यात फसलो होतो. त्यानंतर दोन वर्षंही झाली नाहीत, तोच जानेवारी १९५८मध्ये त्याच हार्वेलच्या ‘झीटा’ यंत्रात न्यूट्रॉन दिसल्याचं जाहीर झालं. वर्तमानपत्रांनी ‘ब्रिटनने सूर्य बनवला’ अशा थाटात डंका पिटला आणि काही महिन्यांतच शास्त्रज्ञांना दावा मागे घ्यावा लागला. शत्रूने घरी येऊन फुकट दिलेला सल्ला ऐकायला फार मोठं मन लागतं!

म्हणूनच १९६८च्या ऑगस्टमध्ये नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह आर्त्सिमोविच यांनी आपल्या ‘टी-३’ या टोकामाक यंत्रातल्या तापमानाचे आकडे मांडले, तेव्हा पाश्चात्त्य मंडळींनी भुवया उंचावल्या. टोकामाक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराची पोकळी, तिच्यात चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवलेला प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त वायू. इतर कुणाच्याही यंत्रात मिळत नव्हतं इतकं तापमान तिथे मिळतंय, असा दावा. दुधाने तोंड पोळलेले ब्रिटिश ताकही फुंकून पिणार, हे उघड होतं. आर्त्सिमोविच यांनी वाद घातला नाही. तुमची माणसं आणा, तुमची यंत्रं आणा, मॉस्कोत येऊन स्वतः मोजा, असं त्यांनी ब्रिटिशांना सांगितलं. त्याच महिन्यात सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. तरीही कल्हमच्या ब्रिटिश प्रयोगशाळेतली एक छोटी तुकडी लेझर आणि बाकीचं सामान पेट्यांत भरून मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत दाखल झाली. निकोल पीकॉक आणि तरुण डेरेक रॉबिन्सन ही त्यांतली दोन नावं.

त्यांची पद्धत अशी: लेझरचा झोत प्लाझ्मातून सोडायचा. आतले इलेक्ट्रॉन त्यातला कणभर प्रकाश इकडेतिकडे फेकतात. इलेक्ट्रॉन जितके वेगाने पळत असतील तितका त्या विखुरलेल्या प्रकाशाचा रंग दोन्ही बाजूंना पसरतो, आणि त्या पसरण्यावरून तापमान काढता येतं. विखुरलेला प्रकाश इतका क्षीण असतो की प्लाझ्माच्या स्वतःच्या उजेडातून तो वेचून काढणं हेच खरं कसब. काम महिनोन्महिने चाललं. शेवटी आकडा आला तो सुमारे एक कोटी अंशांचा, म्हणजे रशियनांचं म्हणणं खरं होतं. १९६९च्या नोव्हेंबरमध्ये ‘नेचर’मध्ये निबंध छापून आला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेने आपलं वेगळ्या पद्धतीचं मोठं यंत्र बदलून त्याचं टोकामाक केलं. जगभरच्या संशोधनाची दिशा त्या मोजणीने फिरली. इथे मैत्रीपेक्षा मोठं काम केलं ते संशयानेच. ब्रिटिश शास्त्रज्ञ रशियनांचे मित्र असते तर त्यांच्या मोजणीला अमेरिकेत कुणी विचारलं असतं?

त्या टोकामाकचा वंश आज दक्षिण फ्रान्समध्ये कादाराशला उभा राहतो आहे. नोव्हेंबर १९८५मध्ये जिनिव्हात रीगन आणि गोर्बाचेव्ह पहिल्यांदा भेटले. शस्त्रकपातीवर मोठं काही ठरेना, पण संयुक्त निवेदनात संमीलन संशोधनात एकत्र काम करण्याचा उल्लेख आला. गोर्बाचेव्हचे सल्लागार येव्गेनी वेलिखोव्ह यांचा त्यात मोठा हात. तिथून कागदावरच्या आराखड्याला वर्षं गेली. खर्च पाहून अमेरिका मध्येच बाहेर पडली, २००३मध्ये परत आली. जागा फ्रान्सची की जपानची यावर रस्सीखेच झाली. अखेर २००६मध्ये पॅरिसला करार झाला तेव्हा भागीदार सात: युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत. या ‘ईटर’ प्रकल्पात बहुतेक हिस्सा रोख पैशांऐवजी तयार सुट्या भागांच्या रूपाने द्यायचा असतो. भारताच्या वाट्याला आलेला सर्वांत मोठा भाग म्हणजे क्रायोस्टॅट, सबंध यंत्राला वेढणारं सुमारे ३० मीटर उंच आणि तितकंच रुंद, ३,८५० टनांचं पोलादी पात्र. गुजरातेत हजिऱ्याला त्याचे तुकडे घडले, जहाजांनी फ्रान्सला गेले, तिथे जोडले गेले. यंत्राची एक वर्तुळाकार चुंबकीय गुंडाळी रशियाच्या वाट्याची होती. ती सेंट पीटर्सबर्गहून निघाली नोव्हेंबर २०२२मध्ये, युक्रेनचं युद्ध नवव्या महिन्यात असताना, युरोप आणि रशिया यांच्यातली बहुतेक दारं बंद झालेली असताना.

अभियंत्याला विचाराल तर तो म्हणेल, एक यंत्र बनवायला सात घरांतून सात प्रकारचे सुटे भाग मागवणं हा वेडेपणा आहे. त्याचं बरोबर आहे. जोडांची मापं जुळली नाहीत, काम पुन्हा करावं लागलं, तारखा पुढे गेल्या. २०२४मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार संशोधनाला सुरुवात २०३४मध्ये आणि खऱ्या इंधनावरचे प्रयोग २०३९मध्ये. भाभांची दोन दशकं कधीच उलटून गेली. पण सुटे भाग वाटून देण्यामागे एक व्यवहारी हिशेब होता: प्रत्येक देशाला ते भाग बनवण्याची विद्या मिळणार होती, आणि कुणी मध्येच निघून गेला तर त्याचा भाग अडणार होता. त्या गैरसोयीनेच सगळ्यांना एकत्र धरून ठेवलं आहे. प्रकल्प खर्चाच्या मानाने कितपत योग्य, यावर मतभेद आहेत आणि ते असायलाच हवेत.

आपल्या घराजवळचं उदाहरण तारापूरचं. मुंबईच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवरचं हे केंद्र अमेरिकन कंपनीने उभारलं, १९६९मध्ये ते चालू झालं आणि इंधन तीस वर्षं अमेरिका देणार असं ठरलं होतं. १९७४मध्ये पोखरणला स्फोट झाला, १९७८मध्ये अमेरिकेने कायदा बदलला, आणि इंधनावरून खेचाखेच सुरू झाली. १९८२मध्ये तडजोड निघाली: इंधन फ्रान्स देईल. १९९३मध्ये तीही मुदत संपली, आणि फ्रान्सने नव्या अटींवर बोट ठेवलं. मग तारापूरला इंधन कुणी द्यावं? चीनने. १९६२चं युद्ध झालेलं, सीमा अजून ठरलेली नाही, पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमाला त्याचीच मदत असल्याचा आपला जाहीर आरोप, आणि १९९५मध्ये त्याच चीनकडून आलेल्या युरेनियमवर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातली भट्टी चालू राहिली. पुढे २००१मध्ये रशियाने इंधन दिलं. त्या काळात पश्चिम किनाऱ्यावर दिवे लागले तेव्हा कुणाच्या मनात तरी आलं असेल का की हा उजेड चिनी आहे? या व्यवहाराला मैत्री म्हणता येत नाही. चीनला बाजार हवा होता, आपल्याला भट्टी बंद पडू द्यायची नव्हती, आणि आंतरराष्ट्रीय तपासनिसांची नजर त्या भट्टीवर आधीपासून होती, त्यामुळे माल कुठे जातो याची चीनला चिंता करायचं कारण नव्हतं.

पोखरणचा उल्लेख आला आहे तर त्याची दुसरी बाजूही मराठी वाचकाने ऐकून घ्यावी. तुर्भ्याची ‘सायरस’ भट्टी कॅनडाने दिली, तिच्यातलं जड पाणी अमेरिकेने दिलं. १९७४च्या स्फोटातलं प्लुटोनियम त्याच भट्टीतून आलेलं. आम्ही म्हटलं, हा शांततामय स्फोट आहे, करारात याला मनाई कुठे आहे? कागदावर आमचं म्हणणं लढवता येण्यासारखं होतं. पण ओटावात त्याला विश्वासघातच म्हटलं गेलं, कॅनडाने सहकार्य तोडलं, आणि त्यातूनच अणुपुरवठादार देशांचा गट जन्माला आला. पुढची तीन दशकं आपण ज्या निर्बंधांबद्दल कुरकुरत राहिलो, त्यांचा उगम इथे आहे. ज्या कराराच्या शब्दांत पळवाट असते तो मोडतो, आणि तो मोडल्याचा दोष पळवाट वापरणाऱ्याला एकट्याला देऊन भागत नाही. ती तशीच ठेवणाऱ्यालाही द्यावा लागतो. आपण मात्र हा इतिहास फक्त आपल्या बाजूनेच सांगत आलो आहोत.

याच्या उलट उदाहरण दक्षिण अमेरिकेतलं, आणि ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. अर्जेंटिना आणि ब्राझील हे जुने प्रतिस्पर्धी, दोघांकडे तेव्हा लष्करी राजवटी, दोघांचे गुप्त अणुप्रकल्प. १९८३च्या नोव्हेंबरात अर्जेंटिनाने जाहीर केलं की आम्ही पिल्कानियेऊला युरेनियम समृद्ध करण्याची विद्या साधली आहे. ब्राझीलमध्ये खळबळ उडाली असती तर नवल नव्हतं. पण त्यानंतर अर्जेंटिनात लोकनियुक्त अध्यक्ष राऊल अल्फोन्सिन आले, ब्राझीलमध्येही लष्कराची राजवट संपली, आणि अल्फोन्सिन यांनी १९८७च्या जुलैमध्ये ब्राझीलचे अध्यक्ष जोझे सार्ने यांना थेट पिल्कानियेऊच्या कारखान्यात नेऊन फिरवलं. जे गुप्त म्हणून गाजलं होतं ते शेजाऱ्याला आत बोलावून दाखवलं. काही महिन्यांनी ब्राझीलने स्वतः समृद्धीकरण साधल्याची घोषणा केली, तेव्हा सार्ने यांनी अल्फोन्सिन यांना ती आधी कळवली. १९८८मध्ये सार्ने यांनी ब्राझीलच्या नौदलाचा कारखाना अल्फोन्सिन यांना दाखवला. मग १९९१मध्ये दोघांनी एक संयुक्त संस्था काढली. तिची कचेरी रिओत. तिचा नियम असा की अर्जेंटिनाच्या केंद्रांची तपासणी ब्राझीलचे निरीक्षक करणार आणि ब्राझीलच्या केंद्रांची अर्जेंटिनाचे. नियम साधा, पण वैऱ्याच्या घरची वही तपासायची असेल तर वैऱ्याइतका बारकाईने तपासणारा दुसरा कोण मिळणार? अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर तेव्हा दोघांचीही सही नव्हती; अर्जेंटिनाने १९९५मध्ये केली, ब्राझीलने १९९८मध्ये. म्हणजे आधी शेजाऱ्याशी हिशेब जुळवला, मग जगाशी.

भारत-पाकिस्तानात असलं काही घडेल, असं आज कुणी म्हणणार नाही. आपल्याकडे त्याची एक पुसट सावली आहे. ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. १९८१मध्ये इस्राएलने इराकची अणुभट्टी बॉम्ब टाकून उद्ध्वस्त केली, त्याची याद दोन्हीकडे ताजी होती. करारानुसार दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९२पासून हा शिरस्ता चालू आहे. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, मुंबईवर झाला, बालाकोट झालं; यादी दिली गेली. त्यात तपासणीची कलमं नाहीत, विजेचं एक युनिटही त्यातून निघत नाही. तरी रात्री सीमेवर गोळीबार झाला असला तरी सकाळी परराष्ट्र खात्यातला कुणी अधिकारी पाकीट घेऊन जातो. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

चेर्नोबिलवर स्वतंत्रपणे लिहायला हवं, इथे दोनच गोष्टी. एप्रिल १९८६चा तो अपघात सोव्हिएत सरकारने लपवला, स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रातल्या किरणोत्सर्गमापकांनी तो उघड केला. पण त्याच ऑगस्टमध्ये व्हिएन्नात सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हॅलेरी लेगासोव्ह यांनी कित्येक तास उभं राहून जगभरच्या तज्ज्ञांपुढे अपघाताची सविस्तर हकिकत मांडली, आणि सप्टेंबर संपण्याआधी अपघाताची माहिती ताबडतोब देण्याचा आंतरराष्ट्रीय करार तयार झाला. तीन वर्षांनी, मे १९८९मध्ये, अणुवीजकेंद्रं चालवणाऱ्या कंपन्यांची जागतिक संघटना स्थापन झाली ती मॉस्कोतच. तिचे सदस्य एकमेकांच्या केंद्रांत जाऊन कामकाज तपासतात. एकाची भट्टी फुटली की सगळ्यांच्याच धंद्यावर गदा येते, हा धडा चेर्नोबिलने दिला होता. आज युक्रेनच्या झापोरिझ्झियाच्या केंद्रावर रशियन सैन्याचा ताबा आहे आणि सप्टेंबर २०२२पासून व्हिएन्नाच्या संस्थेचे निरीक्षक तिथे आळीपाळीने मुक्काम करून आहेत. संस्थेचे प्रमुख राफाएल ग्रोसी हे अर्जेंटिनाचे, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

फसलेल्या प्रयत्नांची यादीही लहान नाही. १९९४च्या करारानुसार उत्तर कोरियात दोन अणुभट्ट्या बांधून द्यायचं ठरलं, दक्षिण कोरियाने पैसे ओतले, पाया घातला गेला, आणि २००६मध्ये सगळं गुंडाळावं लागलं. ज्या राजवटीला भट्टी द्यायची तिला आत डोकावू द्यायचं नव्हतं आणि ज्यांनी भट्टी द्यायची त्यांना ती वेळेवर द्यायची नव्हती. इराणबरोबरचा २०१५चा करार तपासणीच्या दृष्टीने पाहिला तर बराच काटेकोर होता. २०१८मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली ती तपासणी फसल्यामुळे नव्हे. चीनमध्ये अमेरिकन आराखड्याच्या नव्या भट्ट्या उभ्या राहिल्या, २०१८मध्ये सानमेनची पहिली भट्टी चालू झाली, आणि त्याच वर्षी अमेरिकेने चीनला अणुतंत्रज्ञान देण्यावर बंधनं आणली. चांगला तपासणीचा सांगाडा असला तरी राजकारण तो मोडू शकतं, हे मान्य केल्याशिवाय या विषयात पुढे जाता येत नाही. मी वर जो सिद्धांत मांडला त्याला ही सरळ छेद देणारी उदाहरणं आहेत, आणि वाचकाने ती विसरू नयेत.

येत्या काही वर्षांत भारतातही अणुऊर्जेचे नवे करार होतील, परकीय भट्ट्या येतील, छोट्या भट्ट्यांची भाषा ऐकू येईल. त्या दिवशी वर्तमानपत्रात दोन नेत्यांचं हस्तांदोलन पहिल्या पानावर असेल. तो फोटो पाहून झाल्यावर वाचकांनी कराराची परिशिष्टं मागावीत. इंधन किती वर्षं मिळणार आणि पुरवठा थांबला तर पर्याय काय, वापरलेलं इंधन कुणाच्या अंगणात पडून राहणार, आपल्या भट्टीच्या नळीवर मीटर कुणाचा बसणार आणि त्यांच्या नळीवर आपला बसणार का, हे त्यात लिहिलेलं असतं. तिथे शब्द मोघम असतील तर आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारा.